बंड्याचे फटके आणि माझे वाया गेलेले दोन महिने

आतेभाऊ नोकरीसाठी दुबईला गेला आणि त्याचा हिरवा इग्वाना, म्हणजे सरड्यासारखा दिसणारा मोठा परदेशी प्राणी, माझ्या गळ्यात पडला. नाव बंड्या. लांबी साडेतीन फूट, त्यातली दोन फुटांच्या वर नुसती शेपूट. परिवेश या सरकारी पोर्टलवर अशा परदेशी प्राण्यांची नोंद करतात, तिथे त्याची नोंद होतीच. माझ्या नावावर करून घ्यायचा अर्ज भरला, ते काम झालं. रिक्षातून कळव्याला आणला तेव्हा पिंजऱ्यात अगदी शहाण्यासारखा बसला होता.

तिसऱ्या दिवशी शेवग्याच्या पाल्याची वाटी ठेवायला हात घातला आणि सट्‌कन मनगटावर शेपूट बसली. छडी खाल्ल्यासारखा वळ. मी हात ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गळ्याखालची पिशवी ताणली, अंग बाजूने चपटं केलं आणि मान वरखाली हलायला लागली, की समजायचं, आता पडणार. मी जाड हातमोजे आणले, तर त्यांना बघून जास्तच भडकला.

ज्याला त्याला विचारलं. 'वेळ द्या.' अरे पण किती? रोज ऑफिसमधून दमून यायचं, पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचं, फटका खायचा आणि उठायचं. संध्याकाळी तर त्याचा पारा अजूनच चढलेला.

शेवटी ठाण्याला एका जनावरांच्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. हात वरून घालता की बाजूने? आणि फटका बसला की हात काढता का? वरून घालतो, आणि काढणार नाही तर काय करणार, असं मी म्हटलं. ते हसले. इग्वानाच्या टाळूवर एक फिकट खवला असतो, तो त्याचा तिसरा डोळा. चित्र दिसत नाही, पण उजेड-सावली कळते. वरून सावली आली म्हणजे त्याच्या लेखी घार आली. आणि फटका मारला की हात जातो, हे मीच त्याला दोन महिने शिकवत होतो! स्वतःचाच इतका राग आला की परतताना रिक्षात एक शब्द बोललो नाही.

(हो, शेपटीला धरून कधी उचलू नका, तुटून हातात येते. आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा, साल्मोनेला या जंतूची भीती असते.)

मग हात बाजूने, खालून, आणि फटका बसला तरी तिथेच. फुलबाह्यांचा जुना शर्ट घालून. माझा घामेजलेला टी-शर्टही त्याच्या फांदीखाली ठेवला, वासाची सवय व्हावी म्हणून. सकाळी फरक पडला, पण संध्याकाळचा थयथयाट तसाच. तो आईने ओळखला. "अरे, तो तुझ्यावर नाही चिडलाय. त्या आरशातल्याशी भांडतोय." समोरच कपाटाचा आरसा! दिवे लागले की त्यात दुसरा नर दिसायचा. आरशावर चादर टाकली आणि चार दिवसांत मान हलवणं जवळपास थांबलं.

दहाव्या दिवशी त्याने माझ्या बोटांतून जास्वंदीचं फूल घेतलं. चार पाकळ्या पोटात, एक नाकाला चिकटलेली.

माजाच्या दिवसांत नर पुन्हा बिथरतो, तेव्हा उगाच अंगचटीला जाऊ नका. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब मात्र हवीच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. आणि हे वाचून कुणाला घोरपड पाळायची हुक्की आली असेल तर विसरा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

आता बंड्या दंडावर चढून खांद्यापर्यंत येतो. नखं लागतात, पण शेपूट लोंबती. आरशावरची चादर मात्र तशीच आहे. भांग मी बाथरूममध्ये पाडतो.