हर्णै ते लंडन: अंतर एक, वेळा दोन

धाकटा भाऊ लंडनला असतो आणि येत्या डिसेंबरात आई कोकणातल्या हर्णै बंदराहून प्रथमच त्याच्याकडे जाणार आहे. तिकीट हाती आल्यावर तिने विचारले, "रात्री दोनला निघून सकाळी साडेसहाला पोचते म्हणजे साडेचार तासच की! मग तू दहा तास का म्हणतोस?" प्रश्न अगदी रास्त होता, कारण तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची असते आणि पोचण्याची लंडनची. हिवाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असते, उन्हाळ्यात साडेचार. म्हणून तिथले साडेसहा म्हणजे आपल्याकडचे दुपारचे बारा, आणि प्रवास पुरे दहा तासांचा.

मुंबई ते लंडन हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. 'सरळ' या शब्दाचा अर्थ मात्र भिंतीवरच्या नकाशात सापडत नाही. घरातल्या पृथ्वीगोलावर मी आईला मुंबईपासून लंडनपर्यंत शिवणाचा दोरा ताणून धरायला लावला, तेव्हा तो अरबी समुद्राला जेमतेम शिवून कराचीजवळून वर चढला आणि कॅस्पियन समुद्रावरून युरोपात उतरला. प्रत्यक्ष विमान मात्र या दोऱ्यावरूनच जाईल असे नाही. एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

परतीला हाच प्रवास साधारण नऊ तासांत, कधी त्याहूनही लवकर होतो. याचे कारण आईला फोडून सांगावे लागले नाही. पहाटेच्या मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणाऱ्या, वाऱ्यावर शिडाचे मचवे खोल समुद्रात जात आणि दुपारनंतर समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्यावर बंदराला लागत, हे तिने माहेरी लहानपणापासून पाहिलेले आहे. तसाच नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वारा असतो. हिवाळ्यात त्याला अधिक जोर येतो आणि कधी कधी तो ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरने जात असले, तरी समोरून ८० चा वारा आला की जमिनीच्या हिशेबाने ८२० उरतात आणि तोच पाठीशी असला की ९८० होतात.

हर्णैहून मुंबई विमानतळ सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाटवळणांमुळे सहा-सात तास धरावे लागतात आणि उड्डाणाच्या तीन तास आधी पोचावे लागते. म्हणून आईने घरून दुपारी तीनलाच निघावे, असे मी ठरवले आहे.

तिच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ सकाळी आठची. ती विमानातच येते, म्हणून तिच्या मनगटावरचे घड्याळ लंडनला उतरेपर्यंत बदलायचे नाही, असे मी तिला बजावले आहे.