तुम्ही विचारलंत म्हणून : पावसाळ्यात मुलांना घरात काय करायला द्यायचं?

जून लागला की हा प्रश्न येतोच. "बाहेर चिखल, मुलं दिवसभर घरात. हस्तकलेचं काहीतरी सांगा, त्यात थोडा निसर्गही असू दे. आणि पुस्तकात ठेवलेल्या पानांना बुरशी का आली?"

बुरशीचं आधी सांगते. पानातलं पाणी कागद शोषून घेतो, पण मुंबईत जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की कागदातलं पाणी पुढे कुठे जात नाही. पान ओलं ते ओलंच राहतं. वाळवायचंच असेल तर पुस्तक नको, वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा आणि पहिले चार दिवस घडी रोज बदला. पण माझं ऐकाल तर पावसाळ्यात पान वाळवू नका, कुजवा.

पिंपळाची जाळी करायला हाच हंगाम चांगला. पिंपळ शोधायला लांब जावं लागत नाही, जुन्या इमारतीच्या भिंतीतून एखादा डोकावत असतोच. जून झालेली, गडद हिरवी पाच-सहा पानं घ्या. कोवळी, लालसर पानं घेतलीत तर त्यांचा नुसता लगदा होतो. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात पानं बुडतील इतकं पाणी घाला आणि वर दगड ठेवा. दर चार दिवसांनी पाणी बदला, पण थोडं जुनं पाणी मागे राहू द्या, कारण पान कुजवणारे जीवाणू त्यातच असतात. झाकण काढून ठेवू नका, डास अंडी घालतील. वास येणार, तेव्हा डबा खिडकीच्या ग्रिलमध्येच बरा.

तीन-चार आठवड्यांनी साल बोटाने सरकायला लागली की पान ताटलीत, पाण्यातच ठेवा. जुन्या मऊ टूथब्रशने हलके टिपत साल सुटी करा, मधल्या शिरेकडून कडेला. ब्रश घासला की जाळी फाटते. हलकं टिपूनही फाटत असेल तर घाई झाली, पान आणखी आठवडाभर पाण्यात जाऊ द्या. धुण्याच्या सोड्यात उकळून हेच काम तासा-दीड तासात होतं, पण ते मोठ्यांनीच करायचं आणि स्टीलच्या भांड्यात, कारण सोडा ॲल्युमिनियम खातो. मुलांसाठी मला संथ रीतच आवडते. त्यात कुजणं म्हणजे काय ते त्यांना दर चार दिवसांनी दिसतं.

कुंडीत कढीपत्ता किंवा लिंबू असेल तर तुमच्याकडे याहून मोठी गोष्ट आहे. कोवळ्या पानांवर खसखशीपेक्षा जरा मोठं, फिकट पिवळं, गोल अंडं शोधा. लाइम आणि कॉमन मॉर्मन ही फुलपाखरं या झाडांवर अंडी घालतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं राणी पाखरू म्हणजे ब्लू मॉर्मन, तेही याच कुळातलं. तीन-चार दिवसांत अळी निघते. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि मोठी झाली की हिरवीगार होते.

अळ्या एक किंवा दोनच ठेवा. शेवटच्या आठवड्यात एकटी अळी लहानशा रोपाची बरीच पानं संपवते. दोन-तीन लिटरची उभी बरणी घ्या. झाकणाऐवजी जुन्या ओढणीचा तुकडा रबरबँडने बांधा. झाकण लावलंत तर आत वाफ धरते आणि अळी आजारी पडते. फांदी पाण्याच्या छोट्या बाटलीत खोचा आणि बाटलीचं तोंड कापसाने बंद करा. हे विसरलं की अळी उतरून पाण्यात बुडते. अशा बऱ्याच अळ्या याच चुकीने जातात. तळाला टिश्यू पेपर घाला आणि तो रोज बदला, पावसाळी हवेत तिच्या लेंड्यांना दोन दिवसांत बुरशी येते. भाजीवाल्याकडची कढीपत्त्याची जुडी घालू नका, त्यावर फवारणी झालेली असू शकते.

अळीला बोटाने उचलायचं नाही, पानासकट हलवायचं. डिवचली तर ती डोक्यामागून दोन रंगीत शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे पुन्हा पुन्हा बघायचं असतं. एकदा पुरे, अळीला त्याचा त्रास होतो. ती दिवसभर एका जागी बसली तर आजारी समजू नका, कात टाकायची तयारी असते.

दोन-अडीच आठवड्यांनी ती फिरायला लागते, पातळ शी करते आणि कोषाला बसते. त्याआधी बरणीत एक खरखरीत काडी तिरकी ठेवलेली हवी. आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, फुलपाखरू बाहेर येतं आणि पंख खाली लोंबते ठेवून ते सुकवतं. धरायला खरखरीत काही मिळालं नाही तर ते घसरून पडतं आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. दोन-तीन तास थांबा, पाऊस उघडला की सोडा. कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी किंवा बारीक गांधीलमाशी निघते. तिची अंडी अळीत आधीच पडलेली असतात. मूल हिरमुसेल, पण त्याला खरं तेच सांगा.

पाऊस मोजायला दोन लिटरची सरळ बाजूंची बाटली लागते. खांद्याखाली, जिथे ती सरळ होते तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ खडबडीत असतो, म्हणून खडे घालून ते बुडून थोडं वर येईल इतकं पाणी भरा आणि तिथे शून्याची रेघ मारा. तिथून वर पट्टीने मिलिमीटर. स्वयंपाकघरातलं रुंद नरसाळं लावलं तर ते जास्त पाऊस गोळा करतं आणि आकडा खोटा येतो. ग्रिलवर छज्जा असतो, तिथे बाटली ठेवून उपयोग नाही. गच्चीवर, कठड्यापासून लांब, कुंडीत अर्धी पुरून ठेवा. वेधशाळेप्रमाणे सकाळी साडेआठला वाचा, शून्यापर्यंत ओता आणि आकडा कॅलेंडरवर लिहा. पाऊस काही दिवस थांबला की बाटली पूर्ण रिकामी करा, नाहीतर तिथेही डास.

मुलं विचारतील, आपला आकडा बातम्यांतल्या आकड्याशी का जुळत नाही? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच काळात सुमारे ७३. एकच शहर! सांताक्रूझचा पाऊस किती ते दाखवायला दाराच्या चौकटीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर खूण करून मुलाला शेजारी उभं करा.

रंगांचं म्हणाल तर हळदीचा कागद सोपा. पाव कप पाण्यात दोन चमचे हळद, त्यात ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या बुडवून पंख्याखाली सुकवा. उन्हात नको, हळदीचा रंग उडतो. साबणाच्या पाण्यात कापूसकाडी बुडवून लिहिलं की लाल अक्षरं उमटतात, लिंबू लावलं की परत पिवळी. हळदीपासून कुंकू होतं ते असंच, चुन्याने. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यांना इजा होते.

पिंपळाची पानं जुलैच्या सुरुवातीला भिजत घातलीत तर गणपतीच्या मखरासाठी जाळ्या तयार असतील. काळ्या कागदावर चिकटवा, फेव्हिकॉल निम्म्याला निम्मं पाणी घालून. घट्ट लावलात तर जाळीची भोकं बुजतात.