कात्री खालून चालते

स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि शाळेबद्दल लिहायचं म्हणजे बाईंबद्दलच, हे तिथेच ठरलं. मराठीच्या बाई म्हटलं की आमच्या वेळच्या कुणाला नाव सांगावं लागत नाही. बाकीच्या गुरुजनांनी माफ करावं.

1983 चा जुलै. नववी 'ब'ला बाईंनी प्रकल्प दिला : वर्तमानपत्राचं पहिलं पान. 25 जूनला लॉर्ड्सवर आपण वेस्ट इंडिजला 43 धावांनी हरवलेलं, त्यामुळे मुख्य बातमीवरून भांडण नव्हतं. ड्रॉइंग पेपरवर आम्ही ऐटीत आठ कॉलम आखले. बाई म्हणाल्या, "बाळशास्त्रींचं 'दर्पण' 1832 साली दोन कॉलमांत निघालं. एकात इंग्रजी, एकात मराठी. तुमच्याकडे आठ भरतील एवढा मजकूर आहे?" चारांवर आलो. कापून आणलेल्या फोटोतला मोहिंदर अमरनाथ डावीकडे पळत होता आणि आम्ही त्याला डाव्याच कडेला चिकटवत होतो. "अरे, हा चालला पानाबाहेर!" म्हणत बाईंनी त्याला उजवीकडे नेलं. मग तो बातमीकडे धावायला लागला.

खरी गंमत मुख्याध्यापकांच्या भाषणाची. आमच्यातल्या एका सुवाच्य अक्षरवालीने ते शब्दन्‌शब्द उतरवलेलं, चौकटीखाली चांगलं चार बोटं लोंबत होतं. बाईंनी कात्री घेतली आणि खालचा तुकडा उडवला. आशीर्वाद आणि उज्ज्वल भविष्य, दोन्ही गेलं. "बातमी बसली नाही की कात्री खालून चालते. म्हणून कामाचं आधी लिहायचं." दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातल्या फळ्यासमोर सर हात मागे बांधून उभे. "बाई, माझं भाषण एवढंच होतं?"

"नाही सर, जागा एवढीच होती."

पुढे मी पानं लावण्यावरच पोट भरलं. ब्रोमाइडच्या, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोच्या कागदाच्या, पट्ट्या कापून चिकटवायच्या दिवसांत लागलो, मग संगणकावर पान लावायचं पेजमेकर आलं, आता इनडिझाइन. मांडणीची बक्षिसंही मिळाली. हल्लीची पोरं मजकूर बसला नाही की टाइप बारीक करतात, ओळी आवळतात. मी ओरडतो, खालून कापा रे!

परवा शाळेत आलो होतो. फळ्याच्या जागी निकालाचा फ्लेक्स, टक्क्यांसकट हसरे चेहरे. मुलांचं कौतुक आहेच, पण तो फ्लेक्स दुकानातून आलेला, त्याला एकाही पोराचा हात लागलेला नाही. समितीला विनंती, तो फळा पुन्हा लावा. कागद, कात्री, खळ माझ्याकडून. शनिवारी दुपारी यायचीही तयारी आहे. मुख्याध्यापकांचं भाषण मात्र मुलांनाच कापू द्या.