ऊन आणि वारा एका बाजूचे

रविवार, १४ डिसेंबर

पहाटे साडेपाचला धुळ्यातून निघालो. हातमोजे घालूनही गाडीच्या हँडलवर बोटं आखडून गेली. माळावर पोचलो तेव्हा तांबडं फुटत होतं.

जागेचं नाव रोजनिशीतही लिहीत नाही. साक्रीच्या बाजूचा एक माळ, इतकंच. सातबाऱ्यावर ती जमीन पोटखराबा म्हणून लागलेली आहे, पण माझ्या लेखी जिल्ह्यातली सगळ्यात श्रीमंत जमीन तीच. मध्य आशियातल्या गवताळ मुलखातून उडत आलेले माँटेग्यूचे भोवत्या (इंग्रजीत हॅरियर) हिवाळाभर तिथे मुक्कामाला असतात. शिकारी पक्षी म्हणून ते झाडावर झोपत असतील असं वाटतं, पण ते रात्री चक्क गवतात, जमिनीवर उतरतात. दिवसा नाकतोडे, टोळ, सरडे, उंदीर टिपत फिरतात. बाहेरगावचे कॅमेरेवाले आपल्या खानदेशात येतात ते रानपिंगळ्यासाठी. १९९७ साली शहाद्याजवळ तो ११३ वर्षांनी पुन्हा सापडला, तेव्हा त्याचं अप्रूप साहजिकच आहे. पण मला ओढ या माळाची.

पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे लांबच्या पवनचक्क्या बघायच्या. पात्यांचं तोंड नेहमी वाऱ्याकडे असतं, त्यामुळे दिशा लगेच कळते. आज तोंडं पूर्वेला होती. मन एकदम हलकं झालं. भोवत्या शिकारीला वाऱ्याच्या तोंडावर उडतो, कारण समोरून वारा मिळाला की त्याला अगदी सावकाश, गवताला पोट लावून तरंगता येतं. ऊन आणि वारा एकाच बाजूचे असले की तो उन्हाकडे तोंड करून येतो आणि फोटोत त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका मिळतो. वारा पश्चिमेचा असला तर सकाळभर शेपट्याच मिळतात. हे समजायला मला दोन हिवाळे लागले. लेन्सच्या किमतीबद्दल मला पुष्कळ जण विचारतात, वाऱ्याबद्दल अजून कुणी विचारलं नाही.

उन्हाला पाठ देऊन एका बाभळीच्या बुंध्याशी बसलो. शटर १/२५००, एफ ६.३, आयएसओ ८००, सगळं मॅन्युअलवर, म्हणजे आकडे मीच ठरवलेले. कॅमेऱ्याच्या मीटरवर सोडलं तर पक्षी आभाळात गेला की काळा पडतो आणि काळ्या रानावर आला की नराचा राखाडी रंग पांढराफटक होऊन जातो. त्याच्यावरचं ऊन मात्र तेच असतं. म्हणून एकदा उजेड मोजायचा आणि पुन्हा हात लावायचा नाही. खरी परीक्षा फोकसची. तो इतक्या खालून येतो की फोकस हमखास मागच्या कुसळीच्या गवतावर जाऊन बसतो. लांब असतानाच त्याला धरायचं, फोकसच्या बटणावरचा अंगठा सोडायचा नाही आणि कमरेतून वळत राहायचं.

साडेसातला नर आला. पंख इंग्रजी व्हीसारखे किंचित वर, एकदा डावीकडे कलून, एकदा उजवीकडे. मी श्वास धरला. माझ्यापासून पंधरा पावलांवर त्याने मान खाली घातली, पिवळे पाय सोडले आणि गवतात पडला. उठला तेव्हा पंजात काहीतरी हिरवं होतं.

गेल्या वर्षीची ती संध्याकाळ मला सोडत नाही. उडतानाचा फोटो हवा, आणि अंधार पडत चाललेला. सातआठ भोवत्या नुकत्याच गवतात उतरलेल्या मी पाहिल्या आणि सरळ त्यांच्यात चालत गेलो. सगळ्या एकदम उठल्या. फोटो मिळाले, चांगले स्पष्ट मिळाले. घरी येऊन मोठे करून पाहिले तर प्रत्येक फोटोत पक्ष्याची मान मागे वळलेली होती, माझ्याकडे. पार दिसेनासं होईपर्यंत त्या वर घिरट्या घालत होत्या आणि मी असेपर्यंत एकही खाली आली नाही. ते फोटो मी कुणाला दाखवले नाहीत. गाडी गवतात घालून किंवा खडा मारून पक्षी उडवणारे पाहिले की माझा संताप होतो, आणि त्यात थोडा स्वतःवरचाही असतो.

आठच्या सुमाराला ठेलारी बाबा, म्हणजे इथले मेंढपाळ, मेंढरं घेऊन आले. आता ओळख झाली आहे. "काय भाऊ, गवसनं का काही?" मी मान हलवली. ते काठी टेकून उभे राहिले. "हाऊ पाखरू दिवाळीनंतर येस, होळीले निंघी जास." मी पुस्तकांतून जे शिकलो ते त्यांना सणांवरून पाठ आहे. मेंढरं पुढे सरकली तसे गवतातून टोळ उडायला लागले आणि मघाचाच नर कळपाच्या कडेकडेने फिरू लागला. बाबांना त्याचं काहीच नवल नव्हतं. जाताना म्हणाले, "माले बी दाखाडजा एखादा फोटो."

साडेदहाला उठलो. जमीन तापली की हवा थरथरते आणि मग कितीही भारी लेन्स असो, पिसं पुसट येतात. मोज्यांत शिरलेली कुसळं काढण्यात अर्धा तास गेला. एकेक फिरवून ओढावं लागतं, नाहीतर टोक आत राहतं.

रात्री ३१० फ्रेम पाहिल्या. ठेवण्यासारखी एकच. नर समोरून येतोय, घुबडासारखा गोलसर चेहरा, पिवळा डोळा, त्यात सूर्य. डाव्या पंखाच्या टोकाला एक काळं पीस मधूनच तुटलेलं आहे. शंका आली म्हणून गेल्या रविवारचे फोटो उघडले. एका अंधुक फोटोत तोच पंख, तेच तुटलेलं पीस.

हा फोटो उद्या मोठा छापून घेतो. बाबांच्या मोबाइलवर नीट दिसायचा नाही.