आमची वाटचाल : सिल्व्हर गाडीवरची जाळी

नाशिकला सातपूरच्या गाळ्यात गाड्या पॉलिश करायचं काम सुरू केलं, तेव्हा आमच्याकडे एक रोटरी मशीन (पॅड एकाच जागी गोल फिरवणारं पॉलिशचं मशीन) होतं, दोन लोकरी पॅड होते आणि गॅरेजमध्ये ऐकून पाठ झालेलं एक वाक्य होतं : "सिल्व्हरवर काही दिसत नाही," म्हणजे ओरखडे दिसत नाहीत. मी आणि माझा मेहुणा, दोघांनाही ते खरं वाटायचं.

पहिल्याच वर्षी एका शिक्षकांची सिल्व्हर गाडी आली. बॉनेटच्या उभार रेषेवर मशीन क्षणभर जास्त टेकलं आणि क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, संपून खालचा रंग उघडा पडला. सिल्व्हरच्या रंगात अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारणीचं अंतर किंवा हवेचा दाब थोडा बदलला, तरी ते वेगळे बसतात आणि शेड जुळत नाही. सगळं बॉनेट रंगवून दोन्ही फेंडरवर शेड मिसळत न्यावी लागली. खर्च आम्ही केला. सर त्यानंतरही आमच्याकडेच येत राहिले, याचं मला आजही भरून येतं.

त्या गाडीनंतर आम्ही आधी बघायला शिकलो. ओरखडे खरं तर सगळ्या दिशांना असतात. उजेडाला आडवे जाणारे तेवढे चमकतात, म्हणून दिव्याभोवती कोळ्याचं जाळं दिसतं. काळ्या गाडीवर ते लगेच डोळ्यांत भरतं. सिल्व्हरमध्ये कणच इतका उजेड परत फेकतात की जाळं त्यात हरवतं, आणि गाडी नुसती मळकट वाटते. मालक म्हणतो, रंग जुना झाला. रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो, त्याच्यावरचा काचेसारखा क्लिअर कोट धुरकटलेला असतो. आता आम्ही गाळ्यातल्या ट्यूबलाइट बंद करतो, टॉर्च तिरकी धरतो आणि डोकं हलवत बघतो.

क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. म्हणून हात लावायच्या आधी गेजने पत्र्यावरच्या रंगाची जाडी मोजतो, कडांना टेप लावतो, रुतलेली घाण ओढून काढणारी क्ले (मऊ मातीसारखी वडी) फिरवतो. मग दोन फूट बाय दोन फुटांवर सगळ्यात सौम्य पॅड आणि पॉलिश वापरून बघतो. त्याने भागलं तर कडक कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश) उघडतच नाही. शेवटचा हात ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचा (यात पॅड फिरता फिरता डोलतोही), कारण रोटरीने तिरप्या उन्हात लाटांसारखे पट्टे उमटतात आणि सिल्व्हरवर ते गाडी घरी गेल्यावरच दिसतात. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं तेल पुसून काढतो आणि मग मालकाला बोलावतो. तेलाने बुजवलेले ओरखडे दोन-तीन धुण्यांत परत वर येतात. तसली चमक विकायची नाही, हे आमचं ठरलेलं आहे.

खोल ओरखडा नखाला लागत असेल, तर तो तसाच ठेवतो. मालकाला दाखवून ठेवतो.

जाळी पडते ती मुख्यतः सोसायटीत रोज सकाळी कोरड्या धुळीवर फिरणाऱ्या फडक्याने. आता गाडी सोपवताना आम्ही मालकासोबत ती धुणाऱ्या दादांनाही बोलावतो. एक बादली शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची. आधी पाणी मारून धूळ सोडवायची, मग कापड. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर क्षारांचे डाग बसतात. मागच्या महिन्यात असेच एक दादा स्वतःचं फडकं घेऊन आले आणि म्हणाले, "हे चालेल का, बघा." आम्ही त्यांना दोन मायक्रोफायबर दिले.