रन म्हणजे नुसतं धावणं नाही

इंग्रजीतला 'रन' हा शब्द मला जाम आवडतो, एवढुसा तीन अक्षरांचा पण कुठेकुठे घुसलाय बघा. माणूस धावला की रन, नळ वाहिला की रन, नाक गळतंय तेही रन, धुताना कपड्याचा रंग गेला तरी रनच! अमेरिकेत निवडणुकीला 'रन' करतात आणि ब्रिटनमध्ये त्यालाच 'स्टँड' म्हणतात, म्हणजे एकीकडे धावायचं दुसरीकडे उभं राहायचं, कमाल आहे ना. ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट'ची होती, पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ. यंत्रं आली म्हणून हे वाढलं असं मला वाटतं, इंजिन, मशीन, सॉफ्टवेअर सगळं रनच होतं. आपलं 'चालणं' पण काही कमी नाही हां, घड्याळ चालतं, डोकं चालतं, आणि 'चालेल' म्हटलं की होकार!