केमोसोबत चिनी काढा घ्यावा का?

सिंगापूरच्या एका रुग्णालयात कॅन्सर विभागाची फार्मासिस्ट आहे म्हटल्यावर मला सावंतवाडीहून, पुण्याहून, कुणाकुणाच्या ओळखीनं फोन येतात. घरात कुणाला तरी कॅन्सर निघालेला असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे ती चिनी औषधं मिळतात ना? त्यानं गाठ विरघळते म्हणे. थोडी पाठवशील का?" परवा धाकट्या मावशीनं तिच्या दिरांसाठी हेच विचारलं. फोनवर अर्धंमुर्धं ऐकून माणूस जास्तच गोंधळतो, म्हणून इथे नीट लिहिते.

गाठ विरघळते का? नाही. कुठल्याही चिनी काढ्यानं स्तनाचा, आतड्याचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. सिंगापुरात कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला कायद्यानं बंदी आहे, आणि चिनी वैद्यांना २००० सालच्या कायद्याप्रमाणे नोंदणी करावी लागते. तरीही आमचे कितीतरी रुग्ण त्यांच्याकडे जातात. का, तर अंगातलं त्राण गेलेलं असतं, तोंड आलेलं असतं, भूक मेलेली असते, झोप उडालेली असते. या तक्रारींना आमच्याकडे वेळ कमी पडतो आणि वैद्य मात्र जीभ बघतो, नाडी बघतो, अर्धा तास बोलतो. त्याचंही मोल मी कमी मानत नाही. पण पूरक उपचाराला माझी एकच फूटपट्टी आहे: त्यामुळे माणसाला केमोचा ठरलेला डोस ठरलेल्या तारखेला झेपतो का?

चायनाटाऊनमधल्या जुन्या दुकानात एकदा तरी उभं राहावं. भिंतभर लाकडी खण, गल्ल्यावर कागद पसरलेले, दुकानदाराच्या हातात काठीचा छोटा तराजू. एकेका कागदावर एकेका दिवसाचा काढा मांडला जातो: हुआंगची नावाच्या मुळीचे पिवळट लांबट काप, लाल खजुरासारखी सुकी बोरं, संत्र्याच्या वाळक्या साली, आणि ज्येष्ठमध. होय, आपलंच ज्येष्ठमध, फक्त तिरक्या चकत्या केलेलं. बहुतेक काढ्यांत ते थोडं असतंच. मातीच्या भांड्यात रटरट उकळायचं, गाळायचं, कोमट प्यायचं. आपल्याकडच्या माणसाला यात परकं काहीच वाटू नये. हल्ली तरुण रुग्ण उकळत बसत नाहीत, तयार पुड्या पाण्यात घालून पितात.

आता ज्या काढ्याबद्दल मला खरी उत्सुकता आहे, त्याबद्दल. आतड्याच्या कॅन्सरला इरिनोटेकान नावाचं औषध देतात. यकृत ते निष्प्रभ करून पित्तावाटे आतड्यात सोडतं, पण तिथले जिवाणू त्याचं कुलूप पुन्हा उघडतात आणि आतड्याचं अस्तर सोलून निघतं. काही दिवसांनी जे जुलाब लागतात ते माणसाला आडवं करतात, डोस कमी करावा लागतो. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले युंग-ची चेंग यांनी यावर सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा एक काढा तपासायला घेतला, हुआंग चिन तांग. त्यात चारच वस्तू: हुआंग चिनचं मूळ, पिओनीचं मूळ, ज्येष्ठमध आणि सुकी बोरं. जुन्या ग्रंथात तो जुलाब आणि पोटदुखीवरच सांगितलाय. उंदरांवरच्या प्रयोगात आतड्याची सूज कमी झाली, अस्तर लवकर भरून आलं आणि गाठीवरचा औषधाचा परिणामही कमी झाला नाही; हे २०१० साली छापून आलं. माणसांवरचे अभ्यास अजून लहान आहेत, त्यामुळे मी तो कुणाला घ्या म्हणून सांगत नाही. पण त्यांनी एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते. प्रत्येक घाणा दुसऱ्यासारखाच आहे का हे मोजण्याची पद्धत बसवली. नाहीतर आज प्यायलेला काढा आणि पुढच्या महिन्यातला काढा एकच आहे हे कोण सांगणार?

आणि हे इरिनोटेकान मुळात आलं कुठून? शी शू नावाच्या चिनी झाडातून. मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी १९६६ साली त्यातलं कॅम्प्टोथेसिन वेगळं केलं, त्याचंच हे सुधारलेलं रूप. हेच कॅम्प्टोथेसिन आमच्या आंबोलीच्या जंगलातल्या नरक्या नावाच्या झाडात भरपूर असतं. त्याच्या चोरट्या तोडीच्या बातम्या गावाकडच्या वर्तमानपत्रांत येत, तेव्हा त्या लाकडाचं काय करतात हे मला माहीत नव्हतं. आज तेच रसायन सलाइनमधून थेंबाथेंबानं जाताना बघते. म्हणून कुणी नरक्याची साल उकळून प्यायची नाही. ते जहाल औषध आहे, मोजून मापूनच द्यायचं.

सोमलाची, म्हणजे आर्सेनिकच्या विषाची, गोष्ट याहून मोठी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ईशान्य चीनमधल्या हार्बिनच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मंडळींच्या कानावर आलं की खेड्यात कुणी कॅन्सरवर एक गावठी मिश्रण देतो. त्यात सोमल, पाऱ्याचा क्षार आणि भेकाचं विष. हान ताइयुन यांनी त्याचं इंजेक्शन केलं. झांग तिंगदोंग यांनी घटक एकेक करून तपासले. पाऱ्यानं मूत्रपिंडाला इजा होई, भेकाच्या विषानं रक्तदाब चढे. ती दोन्ही काढून टाकली तरी काम होत होतं. म्हणजे जे काही होतं ते सोमलात होतं. रक्ताच्या कॅन्सरचा एक विशिष्ट प्रकार, एपीएल, त्याला दाद देत होता. पुढे शांघायच्या रुइजिन रुग्णालयात चेन झू आणि सहकाऱ्यांनी ते कसं काम करतं हे उलगडलं, २००० साली अमेरिकेनं मान्यता दिली. २०१३ साली इटली-जर्मनीच्या अभ्यासात कमी आणि मध्यम धोक्याच्या रुग्णांना केमोऐवजी सोमल आणि व्हिटॅमिन ए च्या कुळातलं एटीआरए दिलं, तेव्हा दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण आजार न उलटता ठीक होते. केमोच्या गटात ८६ टक्के. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनं नुसत्या सोमलावर रुग्ण बरे करून दाखवले, ज्यांना महागडे उपचार परवडत नव्हते असे.

ही गोष्ट मी नव्या मुलींना शिकवताना नेहमी सांगते. कारण परंपरेनं दिशा दाखवली, पण औषध झालं ते दोन घटक निर्दयपणे काढून टाकल्यावर, डोस ठरल्यावर, हृदयाचा आलेख आणि पोटॅशियम नियमित बघायची शिस्त लागल्यावर. आणि हो, सोमलावर असलेल्या रुग्णानं ज्येष्ठमधाचा काढा रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. घशासाठी घेतलेली साधी वस्तू!

"झाडपाल्याचा साइड इफेक्ट नसतो" हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही. ब्रसेल्समध्ये १९९० च्या सुमारास एका वजन घटवण्याच्या क्लिनिकमध्ये हान फांगजीच्या जागी तशाच नावाची दुसरी मुळी, ग्वांग फांगजी, बायकांच्या पोटात गेली. त्यातल्या अॅरिस्टोलोकिक आम्लानं मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे ज्या ३९ जणांची मूत्रपिंडं आणि मूत्रनलिका खबरदारी म्हणून काढली, त्यांपैकी १८ जणांत कॅन्सर सापडला. नावं सारखी म्हणून. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी विकलं जाणारं पीसी-स्पेस हे आठ वनस्पतींचं मिश्रण २००२ साली बाजारातून काढावं लागलं, कारण त्यात रक्त पातळ करणारं वॉरफरिन सापडलं; काही घाण्यांत तर कृत्रिम स्त्री-संप्रेरकही. जपानमध्ये केमोमुळे हातापायांना येणाऱ्या मुंग्यांवर गोशाजिंकिगान नावाच्या काढ्याकडून मोठी आशा होती. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली काढ्याशी, तुलना करणारा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, काढ्याच्या गटात त्रास उलट जास्त दिसला. अशा अभ्यासांबद्दल मला आदर वाटतो. नकोसं उत्तरही त्यांनी छापलं.

मावशीच्या दिरांना मी काय सांगितलं? काहीही मागवू नका. त्यांचं जेवण नीट चालू असेल तर आलं, सूप, पेज हे अन्न म्हणून चालेल. पण गुळवेल, अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, शेजाऱ्यांनी दिलेली पुडी, जे जे घेता ते एका कागदावर लिहून केमोच्या डॉक्टरांसमोर ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका. ऑपरेशन ठरलं असेल तर कधी बंद करायचं हेही तेव्हाच विचारा.

आमच्या खिडकीवर मी रुग्णांना पुडकंच आणायला सांगते. गेल्या वर्षी सत्तरीच्या एक आजी आल्या. स्तनाचा कॅन्सर, दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध, शिवाय हृदयाची झडप बदललेली म्हणून कायमचं वॉरफरिन. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय हे सांगणारा आकडा, एरवी अडीच-तीनच्या आसपास, तो पाचच्या वर गेला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. जेवण कमी झाल्यानंही तो वाढतो, पण मी पुडकं मागितलं. आजींनी पिशवीतून गुलाबी कागदातली पुडी काढली आणि काउंटरवर उलगडली. हुआंगची, बोरं, आणि मधे विटकरी रंगाचे, आत फिकट असलेले मुळाचे काप. दानशेन. वॉरफरिनसोबत ते चालत नाही. माझी मँडारिन मोडकी, म्हणून आमच्या नर्सनं वैद्यांना फोन लावला. वॉरफरिनचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लगेच काढा थांबवायला सांगितला, डॉक्टरांनी वॉरफरिन दोन दिवस बंद ठेवलं. आठवड्याभरात वैद्यांची नवी चिठ्ठी आली, दानशेन नसलेली, प्रत्येक वस्तूचं लॅटिन नाव आणि ग्रॅम लिहिलेली. आम्ही ती तपासून फाइलमध्ये लावली आणि आयएनआर आठवड्यातून दोनदा बघायचं ठरवलं. पॅक्लिटॅक्सेलचा एकच डोस पुढे ढकलावा लागला. बाकीचे सगळे आजींनी वेळेवर घेतले.